हृदयाची झडप बदलल्यानंतरची गुंतागुंत आणि त्यावरचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल वाचताना रुग्ण, नातेवाईक, परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थी यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. औषधांचे डोस समजण्यापुरते दिले आहेत. कोणतीही गोळी स्वतःहून सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नये.

मेकॅनिकल झडप चांगली की टिश्यू?

प्रश्न असा विचारला की उत्तर मिळत नाही. कोणती गुंतागुंत, कितव्या वर्षी आणि कोणत्या वयाच्या माणसात, हे आधी ठरवावं लागतं. मेकॅनिकल, म्हणजे पूर्णपणे कृत्रिम साहित्याची झडप सहसा झिजत नाही. तिथे धोका गुठळीचा असतो आणि गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर घ्यायच्या गोळीमुळे होणाऱ्या रक्तस्रावाचा. टिश्यू झडप गायी-बैलांच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवतात. तिला बहुधा जन्मभर वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारी ती गोळी) लागत नाही, पण काही वर्षांनी ती कडक होते किंवा फाटते.

यावरचा जुना, पण अजूनही वाचण्यासारखा अभ्यास अमेरिकेतल्या व्हेटरन्स अफेअर्सच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला आहे. १९७७ ते १९८२ या काळात ५७५ पुरुषांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोनपैकी एक झडप बसवली गेली. १५ वर्षांनंतर महाधमनीची झडप बदललेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण मेकॅनिकल गटात ६६ टक्के आणि टिश्यू गटात ७९ टक्के होतं. मायट्रल झडपेत (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) असा फरक दिसला नाही. रक्तस्राव मेकॅनिकल गटात जास्त झाला. महाधमनीची टिश्यू झडप मुळातून निकामी होण्याचं प्रमाण २३ टक्के होतं, मेकॅनिकल गटात शून्य. आता यातली मेख बघा. तेव्हाची मेकॅनिकल झडप एका तिरक्या चकतीची होती, टिश्यू झडप पहिल्या पिढीची होती आणि अभ्यासात एकही स्त्री नव्हती. आज बसतात त्या दोन पाकळ्यांच्या आणि नव्या टिश्यू झडपांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

वयाची मर्यादा कुठे ५०, कुठे ६५ अशी का सांगतात?

एकच रेषा नाही, म्हणून. कॅलिफोर्नियातल्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मेकॅनिकल झडपेचा आयुर्मानातला फायदा महाधमनीच्या जागी सुमारे ५५ वर्षांपर्यंत दिसला, तर मायट्रलच्या जागी ७० पर्यंत. म्हणजे झडप कोणत्या जागेची, यावरही रेषा सरकते. हा नोंदींचा अभ्यास आहे. कोणाला कोणती झडप द्यायची हे शल्यविशारदांनी रुग्ण बघून ठरवलेलं होतं, आणि तो पक्षपात गणिताने पूर्ण धुऊन निघत नाही.

तरुण वयात टिश्यू झडप लवकर खराब होते. चुन्याचा (कॅल्शियमचा) थर बसण्याचा वेग वयाशी जोडलेला आहे, आणि मूत्रपिंडाचा आजार असला तर तो आणखी वाढतो. गर्भधारणेचा विचार असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. वॉरफॅरिन गर्भाला बाधू शकतं, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, आणि रोजचा डोस ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तेव्हा जास्त. पण त्याऐवजी हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) दिलं तर आईच्या झडपेवर गुठळीचा धोका वाढतो. हे बोलणं शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवं.

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात, आणि कोणत्या पायरीवर काय बिघडू शकतं?

छातीचं मधलं हाड उभं कापून हृदय उघडं करतात. मग वजनाच्या किलोमागे साधारण ३०० ते ४०० युनिट हेपरिन देतात आणि रक्त गोठण्याची वेळ, म्हणजे एसीटी, बहुतेक ठिकाणी ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय हार्ट-लंग मशीन सुरू करत नाहीत. इथे घाई झाली तर मशीनच्या नळ्यांतच गुठळी होऊ शकते.

महाधमनीवर चिमटा लावला की हृदयाचा रक्तपुरवठा थांबतो. त्या वेळात स्नायू जगवण्यासाठी पोटॅशियमयुक्त कार्डिओप्लेजिया द्रावणाने हृदय थांबवतात. रक्तमिश्रित प्रकारात चार भाग रक्त आणि एक भाग द्रावण असतं, आणि तो दर १५ ते २० मिनिटांनी पुन्हा द्यावा लागतो. डेल निडो प्रकारात प्रमाण उलटं, एक भाग रक्त आणि चार भाग द्रावण. एक डोस तासभर किंवा थोडा जास्त वेळ पुरतो. डोस चुकला, किंवा जाड झालेल्या डाव्या जवनिकेच्या (रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याच्या) आतल्या थरापर्यंत द्रावण पोचलंच नाही, तर चिमटा काढल्यावर हृदय नीट आकुंचन पावत नाही. चिमट्याची चुकलेली जागाही महागात पडते. महाधमनीच्या भिंतीतला चुना निखळून मेंदूकडे गेला की पक्षाघात होतो.

त्यानंतर खराब पाकळ्या कापतात आणि कड्यावरचा, म्हणजे झडप जिथे बसते त्या गोल कडेवरचा चुना कुरतडून काढतात. चुना ठेवला तर नवी झडप नीट टेकत नाही आणि कडेने गळते. जास्त खोल कुरतडलं तर कडं फाटतं. मग मापकाने माप घेऊन नवी झडप निवडतात. टिश्यू झडप ग्लुटाराल्डिहाइडमध्ये साठवलेली असेल तर ती सलाइनच्या भांड्यांत उत्पादकाने सांगितलेल्या वेळेइतकी धुवावी लागते, आणि बसवताना कोरडी पडू द्यायची नाही. कड्याभोवती पॉलिएस्टरच्या वेणीच्या धाग्याचे साधारण १२ ते १६ गादीटाके घालतात, बऱ्याचदा खाली फेल्टचे छोटे तुकडे ठेवून. मेकॅनिकल झडपेत गाठींची टोकं आखूड कापावी लागतात. लांब राहिलेलं टोक पाकळीत अडकलं तर ती उघडी किंवा बंद अवस्थेत अडून बसते. म्हणूनच शिवण झाल्यावर पाकळ्या हलवून बघतात आणि दोन्ही हृदयधमन्यांची तोंडं मोकळी आहेत ना, हे नजरेने तपासतात.

शेवटची पायरी हवा काढण्याची. छातीच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड सोडतात, कारण तो हवेपेक्षा जड असतो आणि रक्तात लवकर विरघळतो. तरी बुडबुडे राहिलेच तर ते बहुधा उजव्या हृदयधमनीत शिरतात. रुग्ण उताणा असतो आणि त्या धमनीचं तोंड वरच्या बाजूला असतं. मग उजवी जवनिका अचानक मंदावते आणि ईसीजीवर खालच्या भिंतीचे बदल दिसतात. रक्तदाब चढा ठेवून काही मिनिटं थांबलं की हे बहुतेक वेळा निवळतं. टाका धमनीत गेला असेल तर निवळत नाही. हा फरक टेबलावरच ओळखावा लागतो.

मायट्रल झडप बदलणं वेगळं का मानतात?

आजूबाजूला काय आहे ते बघा. मागच्या-बाहेरच्या बाजूला सर्कमफ्लेक्स धमनी, मागे हृदयाची मोठी शीर, पुढे महाधमनीची झडप, आणि मागच्या-आतल्या कोपऱ्याजवळ विद्युतवाहक गाठ. टाका खोल गेला तर यापैकी एकाला इजा ठरलेली.

दुसरं कारण म्हणजे झडपेच्या दोऱ्या. या दोऱ्या जवनिकेच्या भिंतीला आधार देतात. १९६० च्या दशकात शल्यविशारद लिलेहाय यांनी मागच्या पाकळीच्या दोऱ्या राखून झडप बसवायला सुरुवात केली, आणि आज शक्य तिथे हेच करतात. सगळं कापून टाकलं तर पंपाची ताकद घटते आणि जवनिकेची मागची भिंत फुटण्याचा धोका वाढतो. ती गुंतागुंत क्वचित होते, पण झाली तर बहुधा जीवघेणी ठरते. म्हणून मायट्रल झडप बसवल्यावर हृदय उचलून मागे बघायचं नाही, हा शल्यगृहातला जवळजवळ अलिखित नियम आहे.

झडप दुरुस्त होत असेल तर ती बदलू नये, हे बहुतेक गळक्या मायट्रल झडपांना लागू पडतं. हृदयविकारामुळे स्नायू ताणून झालेल्या तीव्र गळतीत मात्र चित्र वेगळं आहे. २०१४ मध्ये आलेल्या २५१ रुग्णांच्या अभ्यासात दुरुस्तीनंतर वर्षभरातच ३२.६ टक्के लोकांमध्ये मध्यम किंवा तीव्र गळती परतली. झडप बदललेल्यांत २.३ टक्के. जवनिकेच्या आकारात आणि मृत्यूत ठळक फरक नव्हता.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात कशावर लक्ष ठेवतात?

सगळ्यात जास्त दिसतो तो एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा अनियमितपणा. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण ३० ते ४० टक्के लोकांना तो होतो, आणि बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सांभाळणं आणि आधीपासून चालू असलेलं बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) न तोडणं ही त्यावरची साधी काळजी.

सर्वात फसवी गुंतागुंत टॅम्पोनाडची, म्हणजे हृदयाभोवती रक्त साचून दाब येण्याची. छातीतल्या नळीतून तासाला २०० मिली रक्त सलग काही तास येत असेल तर सगळे सावध असतात. पण चांगली वाहणारी नळी अचानक कोरडी पडली की ‘बरं झालं, थांबलं’ असं वाटतं. सोबत रक्तदाब उतरत असेल, मानेच्या शिरा फुगल्या असतील, लघवी कमी झाली असेल तर नळी गुठळीने बंद झाली असं धरून चालावं. शस्त्रक्रियेनंतर रक्त एका कोपऱ्यात साचू शकतं, त्यामुळे साध्या इकोत काही दिसलं नाही तरी शंका सोडू नये.

वॉरफॅरिन सुरू झाल्यानंतर, आठवडाभराने किंवा आणखी उशिराही, असाच दाब येऊ शकतो. घरी गेलेल्या रुग्णाला नव्याने थकवा, मळमळ आणि धाप लागली तर त्याला फक्त अशक्तपणा म्हणून सोडू नका.

काहींना पेसमेकर का लागतो?

विद्युतवाहक गठ्ठा महाधमनीच्या झडपेच्या अगदी खालून जातो, उजवी आणि मागची पाकळी जिथे मिळतात तिथे. चुना कुरतडताना, टाक्याने किंवा सुजेने तो दुखावतो. सूज असेल तर काही दिवसांत वाहकता परतते, म्हणून तात्पुरत्या तारांवर थोडे दिवस वाट बघतात. मांडीतल्या धमनीतून बसवतात त्या टावी झडपेत तोच गठ्ठा जाळीने दाबला जातो. कमी धोक्याच्या रुग्णांवरच्या २०१९ च्या दोन चाचण्यांत महिनाभरातलं नव्या पेसमेकरचं प्रमाण असं होतं: फुग्याने फुगवायच्या झडपेत ६.५ टक्के आणि शस्त्रक्रियेत ४. आपोआप उघडणाऱ्या झडपेत १७.४ आणि शस्त्रक्रियेत ६.१. ‘टावीत पेसमेकर जास्त लागतो’ हे वाक्य कोणत्या झडपेबद्दल आहे ते विचारल्याशिवाय अर्धवटच.

आयएनआर किती हवा?

आयएनआर म्हणजे वॉरफॅरिनमुळे रक्त गोठायला किती उशीर होतो याचा आकडा. महाधमनीच्या जागी दोन पाकळ्यांची मेकॅनिकल झडप आणि दुसरा धोका नाही: लक्ष्य २.५, म्हणजे २ ते ३. मायट्रलच्या जागी: लक्ष्य ३, म्हणजे २.५ ते ३.५. मायट्रलमधून रक्त कमी दाबाने आणि संथ वाहतं, म्हणून तिथे गुठळी लवकर धरते.

आयएनआर बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा नव्या औषधात सापडतात. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल आणि अमियोडॅरोन तो वाढवतात. रिफॅम्पिसिन आणि कार्बामाझेपिन उतरवतात. अमियोडॅरोनचा परिणाम आठवडे टिकतो, त्यामुळे ते बंद केल्यावरही तपासणी चालू ठेवावी. पालेभाज्या बंद करायची गरज नाही. रोजचं प्रमाण साधारण सारखं असावं, इतकंच.

तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या मेकॅनिकल झडपेला का चालत नाहीत?

करून बघितलं आणि नुकसान झालं, म्हणून. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या री-अलाइन चाचणीत २५२ रुग्णांत डॅबिगॅट्रान आणि वॉरफॅरिन यांची तुलना होती. डॅबिगॅट्रान गटात ५ टक्के लोकांना पक्षाघात झाला, वॉरफॅरिन गटात कोणालाही नाही. मोठा रक्तस्राव ४ आणि २ टक्के, आणि तो सगळा हृदयावरणात झालेला. चाचणी मध्येच थांबवावी लागली. नंतर एका विशिष्ट महाधमनी झडपेवर अपिक्साबॅन तपासणारी प्रोॲक्ट-एक्सए ही चाचणीही २०२२ मध्ये थांबवली गेली. पुन्हा गुठळ्याच जास्त.

कारण समजण्यासारखं आहे. परक्या पृष्ठभागाशी रक्ताचा संपर्क आला की थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, तयार होत राहतं. नवी गोळी साखळीतली एकच कडी अडवते आणि स्थानिक थ्रॉम्बिनचा लोंढा तिला पुरून उरतो. वॉरफॅरिन दोन, सात, नऊ आणि दहा या चारही घटकांचं उत्पादन घटवतं.

टिश्यू झडपेचं वेगळं. २०२० च्या रिव्हर चाचणीत मायट्रल टिश्यू झडप आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या १००५ रुग्णांत रिव्हारॉक्साबॅन वॉरफॅरिनपेक्षा कमी पडलं नाही.

झडपेवर गुठळी झाली हे कसं कळतं?

मेकॅनिकल झडपेची ‘टिकटिक’ बोदी झाली किंवा ऐकू येईनाशी झाली, धाप अचानक वाढली, किंवा हातपाय, बोलणं यावर परिणाम झाला तर लगेच रुग्णालय गाठायचं. मागच्या महिन्यात गोळ्या चुकल्या होत्या का, हा पहिला प्रश्न असतो. इकोत दाबाचा फरक वाढलेला दिसतो; पाकळ्या हलतात का हे क्ष-किरण पडद्यावर किंवा सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतं. उपाय दोन: पुन्हा शस्त्रक्रिया, किंवा गुठळी विरघळवणारं औषध संथ गतीने. हळू देण्याच्या एका पद्धतीत २५ मिलिग्रॅम अल्टेप्लेस २५ तासांत देतात.

दात काढताना अँटिबायोटिक खरंच लागतं का?

हिरडीला धक्का लागणार असेल तर हो, झडप कोणतीही असो. मोठ्या माणसाला अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम तोंडाने, ३० ते ६० मिनिटं आधी, एकदाच. मुलांना किलोमागे ५० मिलिग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम हा एक पर्याय. क्लिंडामायसिन अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ पासून यादीतून काढलं आहे.

पण खरी चूक दुसरीकडे होते. झडप बसवलेल्या माणसाला ताप आला आणि रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) न घेताच अँटिबायोटिक सुरू झालं की जंतू पकडणं अवघड होतं. आधी वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन कल्चर, मग औषध. महाधमनीच्या झडपेत संसर्ग असेल तर ईसीजीवरचं पीआर अंतर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युतसंकेत पोचायला लागणारा वेळ) रोज मोजावं. ते लांबत गेलं तर कड्यात गळू होत असल्याची शंका घ्यायची, आणि तिथे नुसत्या औषधांवर सहसा भागत नाही.

‘मिसमॅच’ म्हणजे काय?

झडप ठणठणीत आहे, पण शरीराला लहान पडते. ही कल्पना हृदयरोगतज्ज्ञ रहिमतुला यांनी १९७८ मध्ये मांडली. झडपेचं प्रभावी उघडं क्षेत्र भागिले शरीराचं पृष्ठफळ. महाधमनीत ०.८५ च्या खाली मध्यम, ०.६५ च्या खाली तीव्र; लठ्ठ माणसांसाठी हे उंबरठे ०.७० आणि ०.५५. उदाहरणार्थ, क्षेत्र १.३ चौरस सेंमी आणि पृष्ठफळ १.७ चौरस मीटर असेल तर उत्तर ०.७६, म्हणजे मध्यम मिसमॅच. खोक्यावरचा आकडा इथे उपयोगी नाही. एका कंपनीची २१ नंबरची झडप दुसऱ्या कंपनीच्या २१ इतकीच उघडेल असं नसतं.

तरुण माणसात टिश्यू झडप बसवताना हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. पुढे तिच्या आत टावी झडप बसवायची वेळ आली तर जागा आणखी आक्रसते. म्हणून काही शल्यविशारद पहिल्याच वेळी महाधमनीचं मूळ रुंद करून मोठी झडप बसवतात.

कडेने होणारी गळती नेहमी धोक्याची असते का?

नाही. इकोत दिसणारी बारीक गळती बऱ्याचदा नुसती बघत राहण्यासारखी असते. रक्तपेशी फुटत असतील, म्हणजे एलडीएच वाढलेलं, हॅप्टोग्लोबिन घटलेलं आणि हिमोग्लोबिन उतरत असेल, तर दुरुस्तीचा विचार करतात.

टावीचे आकडे शस्त्रक्रियेपेक्षा चांगले असतील तर शस्त्रक्रिया कशाला?

आकडे कधीचे ते बघा. कमी धोक्याच्या सुमारे हजार रुग्णांच्या पार्टनर-३ चाचणीत पहिल्या वर्षी मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा दाखल होणं हे सगळं मिळून टावीत ८.५ आणि शस्त्रक्रियेत १५.१ टक्के होतं. पाच वर्षांनी तेच २२.८ आणि २७.२, अंतर कमी झालं. नुसता मृत्यू बघितला तर १० आणि ८.२, आणि हा फरक योगायोगाच्या कक्षेत बसणारा. यात रुग्णांचं सरासरी वय ७३ होतं आणि जन्मतः दोन पाकळ्यांची झडप असलेले वगळले होते. संधिवाताच्या तापामुळे (ऱ्हुमॅटिक फीव्हर) मायट्रल झडप खराब झालेल्या पस्तिशीतल्या बाईसाठी या चाचणीत काहीच उत्तर नाही.

एकत्र केलेले निकषही सोडवून वाचावेत. मृत्यू आणि ‘पुन्हा दाखल होणं’ एकाच टोपलीत टाकले की जे जास्त वेळा घडतं ते निकाल ठरवतं.

‘दर रुग्ण-वर्षाला २ टक्के’ हा आकडा कसा वाचायचा?

१०० रुग्णांचा ५ वर्षं पाठपुरावा म्हणजे ५०० रुग्ण-वर्षं. त्यात १० घटना झाल्या तर दर २ टक्के. यात घटना वर्षानुवर्षं सारख्या वेगाने होतात असं गृहीत आहे. रक्तस्रावाला हे थोडंफार लागू पडतं. गुठळ्या मात्र पहिल्या तीन महिन्यांत जास्त होतात, आणि टिश्यू झडप पहिली काही वर्षं शांत राहून मग वेगाने बिघडते. तीन वर्षांच्या पाठपुराव्यावर काढलेला झडप बिघडण्याचा वार्षिक दर म्हणून दिशाभूल करतो.

आणखी एक खाच. कॅप्लान-मायर ही टिकण्याचं प्रमाण काढायची सांख्यिकी पद्धत वारलेल्या रुग्णांना ‘जगले असते तर त्यांचीही झडप याच वेगाने बिघडली असती’ असं धरून चालते. ऐंशीच्या घरातल्या रुग्णांत त्यामुळे झडप आहे त्यापेक्षा वाईट दिसते. मृत्यूला स्पर्धक घटना धरून काढलेला आकडा वेगळा आणि लहान येतो. पहिला आकडा झडपेची प्रत सांगतो. तुमच्या वयात तुम्हाला दुसरी शस्त्रक्रिया लागेल का, हे दुसरा सांगतो. निबंधात कोणता छापलाय ते पद्धतींच्या विभागात शोधावं लागतं.

‘झडप खराब झाली नाही’ असं निबंधात लिहिलं म्हणजे काय मोजलं?

जुन्या निबंधांत खराब म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया झाली. पण थकलेल्या, वयस्क रुग्णाची झडप बिघडूनही कोणी ती बदलली नाही तर तो ‘यशस्वी’ मोजला जातो. नव्या व्याख्या इकोवर आधारलेल्या आहेत: सरासरी दाबफरक आधीपेक्षा किमान १० ने वाढून २० मिमी पाऱ्यापर्यंत किंवा वर गेला, आणि सोबत उघडं क्षेत्र घटलं, तर बिघाड मानतात. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन महिन्यांत केलेला पहिला इको हाताशी हवा. तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक इकोची तुलना त्याच्याशीच होणार असते.

‘यंत्रात २५ वर्षं टिकली’ अशा जाहिरातीवर विश्वास ठेवावा का?

झडपांची प्रयोगशाळेतली चाचणी आयएसओ ५८४० या मानकाप्रमाणे होते. लवचिक पाकळ्यांच्या झडपेसाठी २० कोटी आणि कडक पाकळ्यांच्या झडपेसाठी ४० कोटी वेळा उघडझाप. हृदय वर्षाला साधारण ४ कोटी ठोके देतं, म्हणजे हे अनुक्रमे ५ आणि १० वर्षांइतकं झालं. कोणी त्याहून जास्त चक्रं चालवली तरी त्या यंत्रात रक्त नसतं. चुना साचत नाही, पेशी चिकटत नाहीत, रोगप्रतिकार जागा होत नाही. शिवणीची आणि धातूची मजबुती त्यातून कळते. टिश्यू झडप माणसात किती टिकते हे फक्त माणसांचा तितकी वर्षं पाठपुरावा करूनच कळतं, आणि तोवर बाजारात बहुधा तिची पुढची आवृत्ती आलेली असते.